माकड, वानर, केलडं, हुप्प्या... तुमच्याकडे कुणाला काय म्हणतात?

शेवरी
आमच्या गटाने जिल्हा परिषदेच्या एका शाळेसाठी परिसरातल्या प्राण्यांचा तक्ता करायला घेतलाय. बिबट्या, साळिंदर, उदमांजर, घोरपड यांच्या नावांवर वाद झाला नाही. घोडं अडलं ते दोन चित्रांपाशी. एक राखाडी अंगाचं, काळ्या तोंडाचं, अंगापेक्षा लांब शेपटीचं. दुसरं तपकिरी, तोंड लालसर, डोक्यावर केस असे चापून बसवलेले की टोपीच घातलीय. गटातल्या शहरी पोरांनी दोन्हीखाली 'माकड' लिहिलं. एकाने पहिल्याखाली 'लंगूर' लिहिलं. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये वानर, ह्ये माकड. त्यात इचारायचं काय?"

माझं मत मावशींच्या बाजूने आहे. काळतोंड्या तो वानर, लालतोंड्या ते माकड. दोन प्राणी, दोन नावं, आणि ती आपल्याकडे आधीपासून आहेत. हिंदीतला 'बंदर' आणि इंग्रजीतला 'मंकी' दोघांनाही एकाच पोत्यात घालतात, त्या नादाने आपणही घालायला लागलोय. पण तक्ता छापायच्या आधी ठिकठिकाणच्या लोकांना विचारावं म्हणून हा धागा. तुमच्या गावाकडे काय म्हणतात? कृपया गूगलून सांगू नका, घरात बोलता ते सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, मावशीले नमस्कार, पण आमच्या इकडे हे चालत नाही. अकोला-अमरावतीकडे सगळीकडे काळ्या तोंडाचेच, त्याईले आम्ही वांदर म्हणतो आणि माकडही म्हणतो. लाल तोंडाचं आम्ही पाह्यलं ते मदाऱ्याजवळ. जो प्राणी गावात एकच आहे त्याले दोन नावं असली तरी काय फरक पडते?

शेवरी
हे बरोबर वाटतं. जिथे दोन्ही राहतात तिथे भेद करायची गरज पडते. सातारा, कोल्हापूर, कोकण इथे दोन्ही आहेत, म्हणून तिथे शब्दही काटेकोर असावेत.

काजूबी
सावंतवाडी तालुका. आमच्याकडे वानर तो वानर. लाल तोंडाच्याला केलडं. बाई असेल तर केलडी. माझी आजी 'माकड' हा शब्द फक्त नातवंडांसाठी वापरायची. :)

आणि फरक नुसता तोंडाचा नाही, स्वभावाचा आहे. वानर येतो, झाडावर बसतो, फणसाची कोवळी पानं, चिंचेचा पाला, पडवळ-दोडका खातो, नासधूस भरपूर करतो, पण घरात सहसा शिरत नाही. केलडं कौल काढून आत उतरतं. डब्याचं झाकण फिरवून उघडतं. ओसरीवर सुकत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर बसून दोन्ही गालफडं फुगेपर्यंत भरतं आणि मग मनगटाच्या मागच्या बाजूने गाल दाबून एकेक तुकडा तोंडात सरकवत खातं. हे मी दोन हातांवरून बघितलंय. वानराला गाल फुगवून बसलेलं कधीही बघायला मिळणार नाही.

गावठी_प्राणिशास्त्री
काजूबी, हे निरीक्षण फार नेमकं आहे. हाच दोन कुळशाखांमधला मूळ फरक. माकडाला (मकाक) गालात पिशव्या असतात. वानराला (लंगूर) त्या नसतात, त्याऐवजी पोटाचे कप्पे असतात, गाईगुरांची आठवण व्हावी असे, आणि त्यात जीवाणू पाला आंबवतात. म्हणून वानर पाल्यावर जगू शकतो. माकडाला फळ, दाणा, किडा, अंडं, तुमच्या हातातला वडापाव असं काहीतरी लागतं. म्हणून माथेरानला पर्यटकाची पिशवी ओढतं ते माकड.

आता धागाकर्तीच्या दुसऱ्या चित्राबद्दल. डोक्यावर टोपी म्हणताय, तर ते बोनेट मकाक. शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. दक्षिण भारताचं माकड, जगात इतरत्र कुठे नाही. उत्तरेत असतं ते ऱ्हीसस, मकाका म्युलाटा, अफगाणिस्तानपासून चीनपर्यंत पसरलेलं. ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही दोघांमधली वेस मानत आले, पण गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बोनेट मागे हटतंय. ओळखायचं सोपं: बोनेटची शेपटी लांब आणि डोक्यावर टोपी. ऱ्हीससची शेपटी आखूड, डोक्यावरचे केस मागे वळवलेले, आणि बूड लालभडक.

तिरकस
म्हणजे 'माकड म्हणतं माझीच लाल' ही म्हण ऱ्हीससची! मराठी म्हणीत हा परप्रांतीय घुसला कसा?

गावठी_प्राणिशास्त्री
हसू आलं तरी प्रश्न चांगला आहे. खानदेशाच्या उत्तर अंगाला ऱ्हीसस आपल्याच राज्यात आहे. शिवाय मदारी गावोगाव फिरायचे, त्यांच्याजवळ दोन्ही जातींची माकडं असायची. म्हण कुठे जन्मली हे कोण सांगणार. मात्र ती वानराची नव्हे हे नक्की, त्याचं बूड काळं असतं.

सानिका७
मदारी म्हटल्यावर आठवलं, आता तो खेळ दिसत नाही ना कुठे? माझ्या मुलाला 'माकडाचा खेळ' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

गावठी_प्राणिशास्त्री
१९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्याकडून खेळ करून घ्यायला बंदी आली. सर्कशीतले सिंहही त्यातच गेले.

बोरू
शब्दांबद्दल थोडं. संस्कृत मर्कट, प्राकृत मक्कड, मराठी माकड. सरळ उतरलेला शब्द. गंमत पुढे आहे. संस्कृतात मर्कट म्हणजे माकड आणि मर्कट म्हणजे कोळीसुद्धा, तो जाळं विणणारा. आपण माकड घेतलं, हिंदीने कोळी घेतला: मकड़ी. आणि गुजरातीत मांकड म्हणजे ढेकूण. मुंबईच्या चाळीत गुजराती शेजारीण "मांकड थया छे" म्हणाली की मराठी घरातली पोरं गॅलरीत धावायची, असं आमचे वडील सांगत.

'लंगूर' हा हिंदीतून आलेला म्हणून कुणी नाक मुरडू नये. तो संस्कृत लांगूल म्हणजे शेपटीवरून. तीच शेपटी आपल्या वर्तमानपत्रांत रोज हलते: लांगूलचालन.

तिरकस
लंगूर आणि लांगूलचालन एकाच शेपटीचे! आमच्या हापिसात दोन्ही जाती आहेत. _/\_

मनवा_के
बोरू, 'वानर' म्हणजे 'वा नर', म्हणजे 'हा नर की काय', असं शाळेत शिकवलं होतं. आणि भीमरूपीतलं 'वनारी' म्हणजे वानरी ना?

बोरू
'वा नर' ही हौशी फोड आहे, ऐकायला छान. शब्द 'वन'वरून आला असं मानणं जास्त सरळ, वनात राहणारा. आणि वनारीचा वानराशी संबंध नाही. वन अधिक अरि, वनाचा शत्रू. अशोकवन उद्ध्वस्त केलं म्हणून.

कपी हा तिसरा जुना शब्द. तो एकटा आता स्तोत्रांतच उरलाय, पण झाडांच्या नावात लपून बसलाय. कवठ म्हणजे कपित्थ, जिथे कपी असतात ते झाड. खाजकुहिली म्हणजे कपिकच्छू, माकडाची खाज. ज्याने लहानपणी कुणाच्या बाकावर खाजकुहिलीची कुसं टाकलीत त्याला हे नाव किती अचूक आहे ते कळेल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवलंय. वानरराजा आपल्या देहाचा पूल करून कळपाला नदीपार करतो ती कथा. आणि लेण्याबाहेरच्या झाडांवर आजही काळतोंडे बसलेले असतात.

देवरुखकर काका
झाडांचा विषय निघाला म्हणून: माकडलिंबू राहिलं. कोकणातल्या रानात, लहान, काटेरी, सुपारीएवढी लिंबं. आणि शरीरातलं माकडहाड राहिलं, जे मी गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून दुखावून घेतलंय. डॉक्टर हसले, मी हसू शकलो नाही.

अवांतर: वैष्णवांच्या तत्त्वज्ञानात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजर मात्र पिल्लाला तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरायचं की देवाने भक्ताला उचलायचं, यावरून दक्षिणेत श्रीवैष्णवांच्या दोन शाखा पडल्या. वडकलै माकडाच्या बाजूचे, तेंकलै मांजराच्या.

बेळगावकर
आमच्याकडं दुसरीच भानगड हाय. कन्नडमध्ये माकड म्हणजे मंग, शिवी द्यायची झाली की मंग्या. माझा पुण्याचा मावसभाऊ मंगेश. सगळे त्याला लाडानं मंग्या म्हणतात. तो सुट्टीला आला आणि त्याच्या आईनं भर बाजारात "अरे मंग्या" म्हणून हाक मारली, तेव्हा भाजीवाल्या बाईनं मावशीकडं जे बघितलं...

वानराला कन्नडमध्ये वेगळा शब्द: मुस्या. म्हणजे त्यांच्याकडंही दोन प्राण्यांना दोन नावं.

शेवरी
हसून हसून पुरेवाट! बेळगावकर, हे मला फार उपयोगी आहे. म्हणजे हा भेद फक्त मराठीचा नाही, जिथे दोन्ही प्राणी शेजारी राहतात तिथल्या भाषा तो करतात.

काजूबी
मंग वरून माकडतापाचं नाव आठवलं. कर्नाटकात त्याला मंगन कायिले म्हणतात, माकडाचा आजार. आम्ही माकडताप म्हणतो. आणि या नावाने आमच्याकडे गोंधळ केला, तो सांगते.

२०१६ साली दोडामार्ग भागात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या आसपास हा ताप आला. ऐन काजूचा हंगाम. जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून जाणं, काहींना रक्तस्राव. माणसं गेली. बागेत मेलेली माकडं सापडायला लागली तेव्हा लोकांना वाटलं की माकड चावलं, माकडाने उष्टं केलेलं फळ खाल्लं की ताप होतो. काहींनी माकडं दिसली की दगड मारायला सुरुवात केली. प्रत्यक्षात ताप पसरवते ती गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात, पालापाचोळ्यात पसरतात आणि काजू वेचायला वाकलेल्या माणसाला चावतात. माकड बिचारं आपल्यासारखंच आजारी पडतं, आपल्या आधी मरतं, आणि म्हणूनच ती पहिली खबर असते. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्या भागात जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आमच्या वाडीत हे आता पोरांनाही पाठ आहे.

केलडं आणि वानर दोन्ही मरतात यात. त्या बाबतीत तो ताप भेद करत नाही.

गावठी_प्राणिशास्त्री
काजूबींच्या प्रतिसादाला जोड. या रोगाचं शास्त्रीय नाव क्यासनूर जंगलावरून, शिमोगा जिल्हा, १९५७. तिथे आधी माकडं मरायला लागली, मग माणसं. विषाणू वेगळा केला तो पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही). डेंग्यूच्याच कुळातला विषाणू.

नावाने प्राण्यावर आळ येण्याचं दुसरं उदाहरण मंकीपॉक्स. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत सापडला म्हणून ते नाव, एरवी तो जास्त करून उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत असावा असं मानतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्स हे नाव सुचवलं.

सानिका७
काजूबी, शंभर प्रतिसादांचा ऐवज एकट्या तुमच्या प्रतिसादात आहे. धागा वर राहू दे.

प्रवासी_पक्षी
'हुप्प्या' शीर्षकात आहे पण कुणी बोललंच नाही.

बेळगावकर
हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीचा दादला. सकाळी झाडावरून "हुप्प... हुप्प" करतो म्हणून. टोळीत बहुतेक वेळा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. तरुण नर हाकलले जातात, त्यांची वेगळी टवाळ टोळी असते. त्यातला एखादा जुन्या हुप्प्याला पळवून लावतो आणि मग, सांगायला बरं वाटत नाही, पण बऱ्याचदा अंगावर पिणारी पिल्लं मारतो. माद्या लवकर माजावर येतात. हे जगात पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं ते आमच्या शेजारी धारवाडला, साठच्या दशकात, सुगियामा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाकडून. तोवर वानर म्हणजे शांत, देवाचा प्राणी असंच समजत होते.

वऱ्हाडी_ठेचा
ताडोब्यात हुप्प्याचा वेगळा उपयोग. वाघ दिसला की वांदर वरून "खक्क, खक्क" असा कोरडा खोकल्यासारखा आवाज काढते. गाईड लगेच जिप्सी थांबवते. चितळानं आवाज दिला तर गाईड थोडा विचार करते, वांदरानं दिला तर करत नाही. कारण ते वरून पाहून सांगते.

तिरकस
दिल्लीकरांनी वानराचा तिसरा उपयोग शोधलाय. लाल तोंडाच्या माकडांना पळवायला काळतोंड्या वानराचे माणसाएवढे पुठ्ठे! २०२३ च्या जी-२० परिषदेआधी रस्तोरस्ती उभे केले होते. शिवाय वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली. सरकारी नोकरी, पद: हुप्प्या.

मनवा_के
एक बाळबोध प्रश्न. चिंपांझी, गोरिला हे माकड की वानर? माझी मुलगी (न्यू जर्सी, मराठी शाळा, इयत्ता चौथी) विचारतेय आणि शाळेच्या पुस्तकात 'माणूस माकडापासून झाला' असं आहे.

बोरू
दोन्ही नाहीत. त्यांना शेपटी नसते. परिभाषेत त्यांच्यासाठी कपी हा शब्द योजला, स्तोत्रातला तो जुना शब्द असा कामाला आला. माणूस, कपी, माकड, वानर या सगळ्यांचा मिळून 'नरवानर गण'. आणि मुलीला सांगा, आजच्या कुठल्या माकडापासून माणूस झाला नाही. त्यांचा आणि आपला एक जुना समाईक पूर्वज होता. म्हणजे माकड आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ.

वनमानुष हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. ओरांगउटान. दोन टोकांच्या लोकांनी त्या चेहऱ्याकडे बघून तेच नाव ठेवलं.

भारतात कपी फक्त ईशान्येकडे: हूलॉक गिबन. आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी अभयारण्य आहे. त्याचं नावही त्याच्या हाकेवरूनच, आपल्या हुप्प्यासारखं.

गावठी_प्राणिशास्त्री
नावं ठेवण्यात युरोपियनांची तऱ्हा बघा. हनुमान लंगुराला १७९७ मध्ये 'एंटेलस' नाव दिलं. हा कोण? व्हर्जिलच्या महाकाव्यातला म्हातारा मुष्टियोद्धा. 'ऱ्हीसस' हे नाव ट्रॉयच्या मदतीला आलेल्या थ्रेसच्या राजाचं. इथे अख्खं रामायण समोर असताना! पुढे त्या ऱ्हीससच्या रक्तावर प्रयोग करून १९४० च्या सुमारास लँडस्टायनर आणि वीनर यांनी रक्तातला घटक शोधला आणि त्याला आरएच म्हटलं. म्हणजे तुमच्या रक्तगटाच्या कार्डावर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिलेलं असतं तिथे माकडाचं नाव आहे. भारतातून ही माकडं प्रयोगांसाठी हजारोंनी परदेशी जायची. ती निर्यात १९७८ मध्ये, मोरारजी देसाईंच्या सरकारच्या काळात, बंद झाली.

त्यामानाने अलीकडची नावं मला आवडतात. २००५ मध्ये अरुणाचलात एक नवीन माकड नोंदलं गेलं, त्याला 'मुनझाला' हेच नाव ठेवलं. तिथल्या मोन्पा लोकांच्या बोलीत: घनदाट जंगलातलं माकड. ज्यांच्या रानात राहतं त्यांचाच शब्द.

देवरुखकर काका
वांद्रे स्टेशनाचं काय? आमचे एक स्नेही ठासून सांगतात की तिथे वांदरं फार होती.

बोरू
काका, वांद्रे आलं बंदरवरून, आणि तो बंदर म्हणजे धक्का, फारसीतला. वानरावरून आलेला हिंदी बंदर वेगळा. स्नेह्यांना दुखवू नका.

हिंदीत 'बंदर क्या जाने अदरक का स्वाद', आपल्याकडे तिथे गाढव आणि गूळ. पण कोलीत मात्र आपण माकडाच्याच हाती देतो.

शेवरी
सगळ्यांचे आभार. गटात बोलून तक्त्याचं असं ठरलंय. पहिल्या चित्राखाली 'वानर', खाली बारीक अक्षरात 'वांदर, लंगूर. टोळीचा नर हुप्प्या'. दुसऱ्याखाली 'माकड', बारीक अक्षरात 'केलडं'. मंग आणि मुस्या घ्यायचे होते, पण शाळा साताऱ्याची, मुलं गोंधळतील. माकडतापाची चौकट काजूबींच्या शब्दांत खाली घेतेय, चालेल ना? वानराच्या शेपटीचं चित्र मात्र अडलंय. आमच्या चित्रकाराने ती पाठीवरून डोक्याकडे वळलेली काढलीय. मावशी म्हणतात, चुकलंय.

गावठी_प्राणिशास्त्री
मावशींना तक्त्याच्या संपादक करा. उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडचे मागच्या बाजूला वळवतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे रुणवाल यांनी हे देशभर फिरून नोंदवलंय. ढोबळ सीमा परत तीच, तापी-गोदावरी. तुमच्या चित्रकाराने फोटो उत्तरेतला बघितला असणार. साताऱ्यात शेपटी मागे.

काजूबी
चौकट खुशाल घ्या. फक्त 'हात लावू नका' मोठ्या अक्षरात.